पंचविसावी पावती

एका गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. देणगीदारांच्या यादीखाली एकूण रक्कम दिलेली, आणि यादीची बेरीज काही केल्या तिथवर पोचेना. शेवटी मंडळाकडून पावतीपुस्तक मागवून नाव न् नाव ताडलं, तेव्हा कळलं की पहिल्या पाच-सहा पावत्याच यादीत नाहीत. सगळ्यात मोठी देणगी त्यांच्यातच होती! शिवाय मधेच कुणाच्या तरी गॅसच्या जोडणीचा ग्राहक क्रमांक देणगीदार होऊन बसला होता.

यादी करणाऱ्या कार्यकर्त्यानं काम मन लावून केलं होतं. तीसेक आभारपत्रं वर्डमध्ये होती. त्यानं क्लिपबोर्डची पट्टी उघडली, एकेका पत्रातून नाव आणि रक्कम कॉपी करत गेला आणि शेवटी ‘पेस्ट ऑल’ दाबलं. युक्ती चांगलीच आहे. फक्त वर्डचा क्लिपबोर्ड २४ नोंदींचा असतो, ऑफिस २००० मध्ये तर १२ चाच होता. पंचविसावी नोंद आली की पहिली गळते, सव्विसावी आली की दुसरी. आणि मधल्या वेळात तुम्ही दुसरीकडे जे काही कॉपी कराल, तेही त्याच ओळीत जाऊन बसतं. ग्राहक क्रमांक तिथं आला तो असा.

तेव्हा असं काम करणाऱ्यांनी आधी ‘होम’ टॅबवर क्लिपबोर्ड गटाच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाबून पट्टी उघडावी आणि ‘क्लिअर ऑल’ करावं. मागचं काही उरलं असेल तर ते जातं. मग पट्टी उघडीच ठेवावी. ती बंद असली आणि पर्यायांमध्ये न दाखवता गोळा करण्याची मुभा दिलेली नसली, तर शेवटची नोंद तेवढी हाती लागते. नोंदी वीसच्या आसपास आल्या की पेस्ट करून पट्टी रिकामी करावी, चोविसापर्यंत ताणू नये. पट्टीत सर्वांत नवी नोंद वर दिसते, पण ‘पेस्ट ऑल’ केल्यावर कागदावर जुनी आधी उतरते. यादीचा क्रम बिघडला म्हणून हैराण होणारे पुष्कळ पाहिले आहेत. आणि पेस्ट झालं की मोजावं. मूळ कागद किती, उतरलेल्या ओळी किती. बेरजेच्या ओळीवर विसंबू नये, ती प्रत्येक यादीखाली नसते.

वर्डमध्ये ‘स्पाइक’ नावाची एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. मजकूर निवडून कंट्रोल आणि एफ-३ दाबलं की तो तिथं जमा होतो, असे कितीही तुकडे साठवता येतात, आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ-३ नं सगळे क्रमानं एकत्र उतरतात. लेखातले विखुरलेले परिच्छेद एका जागी आणायला मला हीच पद्धत बरी वाटते. मात्र ही कॉपी नव्हे, कट आहे, मूळ जागेवरून मजकूर निघून जातो. तो तिथंही हवा असेल तर लगेच कंट्रोल-झेड करावं. मजकूर जागेवर परततो आणि स्पाइकमधलाही तसाच राहतो.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतो, त्यावर मराठीचा मुखवटा तो फॉन्ट चढवतो. पेस्ट करताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडलं की मुखवटा गळतो आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टिंबं आणि एबीसीडीचा चिवडा येतो. तिथं मूळ स्वरूपणच राखावं. युनिकोड मजकुराचं उलट आहे. वेगवेगळ्या लेखकांच्या फायली एकत्र करताना मी निव्वळ मजकूरच घेतो, नाहीतर पाचजणांचे पाच फॉन्ट आणि पाच समास एका पानावर नांदतात.

विंडोजचाही स्वतःचा क्लिपबोर्ड-इतिहास असतो. विंडोज १० मध्ये तो २०१८ च्या अखेरीस आला. सुरू केलेला असेल तर विंडोज आणि व्ही दाबल्यावर शेवटच्या २५ नोंदी समोर येतात. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर आधार क्रमांक, पासवर्ड, खाते क्रमांक कॉपी केला असेल, तर उठण्यापूर्वी तिथं ‘क्लिअर ऑल’ करा. पिन केलेल्या नोंदी मात्र त्यानं जात नाहीत, संगणक पुन्हा सुरू केला तरी राहतात. त्या एकेक करून हातानंच काढाव्या लागतात.