शेतातील साप आणि ग्रामीण सहजीवन : इरुला सहकारी संस्थेचा अनुभव

धान्यामागे उंदीर आणि उंदरांमागे साप शेतात व घरात येतो. उंदरांची संख्या आटोक्यात ठेवणारा हा शिकारी शेतकऱ्याच्या उपयोगाचा असला, तरी त्याच्या सान्निध्याची किंमत मोठी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजेच दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील असून सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. त्यामुळे सापाचे संरक्षण आणि माणसाचा जीव या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा ग्रामीण विकासाचाही प्रश्न ठरतो.

इरुलांचे पुनर्वसन

चेन्नईच्या दक्षिणेकडील वडनेमेली येथील प्रयोग या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तमिळनाडूतील इरुला ही आदिवासी जमात साप व उंदीर पकडण्यात निष्णात आहे. सापाच्या कातड्याचा व्यापार हे तिच्या अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यानंतर कातड्याच्या निर्यातीवर आलेली बंदी यांमुळे ते बंद झाले. सरीसृपतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुला सर्पपकड सहकारी संस्था स्थापन झाली. वन विभागाच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या मर्यादेत, सभासद साप पकडतात. ते मडक्यांत ठेवून काही आठवड्यांत मोजक्या वेळा विष काढले जाते व साप पुन्हा निसर्गात सोडले जातात. मारल्या जाणाऱ्या सापाऐवजी जिवंत साप उत्पन्नाचे साधन झाला, हे या प्रयोगाचे सार होय. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुला सर्पतज्ज्ञांना पद्मश्री जाहीर झाली.

विषापासून औषधापर्यंत

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अल्प मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून प्रतिसर्पविष तयार होते. या विषाच्या पुरवठ्यात इरुला संस्थेचा वाटा प्रमुख राहिला आहे. येथेच एक मर्यादाही आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. त्यामुळे एका भागातील विषापासून बनलेले औषध दूरच्या प्रदेशात कमी परिणामकारक ठरू शकते. महाराष्ट्रातही हेच चार साप आढळत असल्याने प्रादेशिक विषसंकलनाचा प्रश्न आपल्याही जिव्हाळ्याचा आहे.

प्रतिबंध आणि धोरण

मण्यार रात्री वावरते व तिचा दंश अनेकदा झोपेत जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर न झोपणे, मच्छरदाणी वापरणे, रात्री विजेरी व पायांत बूट असणे, धान्य व सरपण घरापासून दूर ठेवणे, हे साधे उपाय महत्त्वाचे आहेत. दंशानंतर जखम कापू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ते साध्य होण्यासाठी वन, आरोग्य व आदिवासी विकास या विभागांचा समन्वय आवश्यक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेवर औषध मिळेल, याची खात्री असलेला शेतकरीच बांधावरचा साप जिवंत सोडू शकतो.