धार लावण्याच्या जुन्या दगडाची दुरुस्ती

सुगी जवळ आली की विळे, कोयते व खुरपी यांना धार लावण्याचे काम निघते. अशा वेळी घरातील जुना निसणा चालत नाही, असे म्हणून तो टाकून दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा दगड निकामी झालेला नसतो. तो मळाने बुजलेला असतो किंवा मध्यभागी झिजून खोलगट झालेला असतो. हे दोन्ही दोष घरच्या घरी दूर करता येतात.

दगड का बुजतो?

दगडाचे कठीण कण पोलाद खरवडतात. खरवडलेला लोखंडाचा कीस कणांमधील जागेत साचतो. दगडावर जवस किंवा करडईचे तेल वापरले असल्यास ते वाळून चिकट थर बनतो व कीस त्यात पक्का बसतो. मग हत्यार नुसते घसरते. परीक्षेसाठी कोरड्या दगडावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब पसरला किंवा मुरला तर दगड मोकळा आहे; मोत्यासारखा उभा राहिला तर तो तेलाने बुजला आहे असे समजावे.

सफाईची रीत

1. तेलकट दगड रॉकेलमध्ये, ते न मिळाल्यास डिझेलमध्ये, एक दिवस बुडवून ठेवावा. हे काम उघड्यावर व विस्तवापासून दूर करावे.

2. ताठ केसांच्या ब्रशाने घासून मळ काढावा. तेल पूर्ण निघेपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी.

3. नंतर धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दगड धुऊन सावलीत वाळवावा.

तेल जाळून काढण्यासाठी दगड चुलीत घालू नये, तो तडकतो. धुतलेले तेलकट पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नये.

दगड सपाट करणे

दगडावर शिसपेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात. सपाट फरशीवर भरड वाळू व पाणी टाकून दगड गोलाकार फिरवत घासावा. मधल्या भागावरील रेघाही पुसल्या गेल्या, म्हणजे दगड सपाट झाला. वालुकाश्मासारख्या नैसर्गिक दगडांस ही वाळू पुरते. मात्र कठीणतेच्या मापावर गारेच्या वाळूचा क्रमांक 7, तर कुरुंदाचा 9 आहे. कारबोरंडम त्याहूनही कठीण असते. म्हणून या दोन प्रकारच्या दगडांसाठी कारबोरंडमची भरड पूड वापरावी. घासताना दगड सतत ओला ठेवावा. कोरड्या दगडाची बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसांस अपाय करते.

हे श्रम कोठे घ्यावेत?

विळा व कोयता यांच्या पात्यावरून दगड हाताने फिरवला जातो. तेथे दगड स्वच्छ असला की काम भागते. कलमाच्या चाकूची गोष्ट वेगळी आहे. खोलगट दगडावर त्याची धार गोलसर होते व काप सपाट बसत नाही. आंब्याचे कोयकलम करताना खुंट व काडी यांच्या सालीखालील वाढीचे थर एकमेकांस चिकटून बसले पाहिजेत. त्यांत फट राहिली तर काडी सुकते, आणि दोष मात्र काडीला किंवा हवेला दिला जातो. कलमे बांधणाऱ्याने आपला दगड हंगामापूर्वी अवश्य सपाट करून घ्यावा.

पुढील निगा

दगडाचा सर्व पृष्ठभाग सारखा वापरावा. पाण्याच्या दगडावर पाणीच व तेलाच्या दगडावर यंत्राचे पातळ तेलच घालावे. काम संपताच दगड पुसून झाकणाच्या पेटीत ठेवावा.

गावातील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एका बैठकीत जुने दगड जमवून हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. एकच हत्यार सफाईपूर्वी व सफाईनंतर त्याच दगडावर लावून दाखविल्यास शेतकऱ्यांची खात्री पटेल.