संगणकाशी मैत्री : ‘जर-तर’ची साखळी आणि कोष्टकाचा आधार

बँकेचे बहुतेक नियम ‘जर-तर’च्या भाषेतच लिहिलेले असतात. ठेवीची मुदत एक वर्षाहून कमी असेल तर अमुक व्याजदर, ठेवीदार ज्येष्ठ नागरिक असेल तर तमुक दर, निवृत्तिवेतनधारकाने वयाची ८० वर्षे पूर्ण केली असतील तर इतकी वाढ. साहजिकच हे नियम स्प्रेडशीटमध्ये उतरवताना आपला हात सर्वप्रथम ‘इफ’ या फंक्शनकडे जातो. ‘इफ’ला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : अट, अट खरी ठरल्यास द्यावयाचे उत्तर आणि खोटी ठरल्यास द्यावयाचे उत्तर. तिसऱ्या जागी उत्तराऐवजी आणखी एक ‘इफ’ लिहिता येतो, त्याच्या पोटात आणखी एक, आणि अशी साखळी वाढत जाते. (सूत्रे संगणकावर रोमन लिपीतच टंकावी लागतात, येथे ती वाचनाच्या सोयीसाठी उच्चारानुसार दिली आहेत.)

ही साखळी कितीही लांबवता येत नाही. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका ‘इफ’च्या पोटात जास्तीत जास्त सात पातळ्या बसत, म्हणजे बाहेरचा धरून आठ ‘इफ’ आणि त्यांतून निघणारी नऊ उत्तरे. मुदत ठेवींच्या दरपत्रकात सात दिवसांपासून दहा वर्षांपर्यंत दहा टप्पे असले की नऊ ‘इफ’ लागतात आणि सूत्र तेथेच अडते. त्यातच संपूर्ण सूत्राची लांबी १,०२४ चिन्हांपुरती मर्यादित होती. २००७ च्या आवृत्तीपासून पातळ्या ६४ झाल्या व लांबी ८,१९२ चिन्हांपर्यंत वाढली. मात्र अनेक कार्यालयांत जुन्या स्वरूपातील फाइली अद्याप वापरात आहेत. नव्या एक्सेलमध्ये लिहिलेले लांबलचक सूत्र जुन्या स्वरूपात साठवू लागताच सुसंगततेची सूचना पडद्यावर येते ती याच कारणाने. ती सूचना न वाचता पुढे जाण्याची सवय चांगली नव्हे.

मर्यादा चुकवण्याच्या युक्त्या तशा पुष्कळ आहेत. अर्धी साखळी एका सेलमध्ये व उरलेली शेजारच्या सेलमध्ये लिहिणे ही एक. स्वतंत्र ‘इफ’ लिहून ते अधिक-चिन्हाने जोडणे ही दुसरी. हिच्यात दोन टप्प्यांच्या सीमा एकमेकींवर चढल्या की एकाच रकमेला दोन दर लागून बेरीज होते, म्हणून ही युक्ती मला विशेष पसंत नाही. अलीकडील आवृत्त्यांतील ‘इफ्स’ या फंक्शनमध्ये १२७ अटी ओळीने देता येतात. एवढी सोय झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साखळी सूत्रात मावली म्हणजे ती बरोबर आहे असे होत नाही, आणि याचे उत्तम उदाहरण निवृत्तिवेतनाच्या हिशेबात सापडते.

आर. के. पुरममधील उदाहरण

दिल्लीचे आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्णपुरम, ही प्रामुख्याने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. सेक्टरांमध्ये विभागलेल्या या भागात शासकीय निवासस्थाने आहेत, तशीच सरकारी कार्यालयेही आहेत. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून दिल्लीत येऊन निवृत्तीनंतर राजधानीतच स्थिरावलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा परिसरातील बँक शाखेत केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ असणारच. प्रत्यक्ष निवृत्तिवेतनाची आकारणी बँकेच्या केंद्रीय यंत्रणेत होते. परंतु ‘या महिन्यात माझी रक्कम किती यायला हवी होती?’ या प्रश्नाचे उत्तर शाखेतील अधिकाऱ्याला किंवा घरी संगणकासमोर बसलेल्या मुला-सुनेला स्वतःच्या तक्त्यावर पडताळून पाहावे लागते.

सहाव्या केंद्रीय वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, वयोवृद्ध केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना व कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना मूळ निवृत्तिवेतनावर अतिरिक्त रक्कम मिळते. ८० वर्षे पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के. अटी अवघ्या पाच. जुन्या एक्सेललाही त्या जड नाहीत. आता समजा कोणी सूत्र असे लिहिले :

=इफ(वय>=८०, २०%, इफ(वय>=८५, ३०%, इफ(वय>=९०, ४०%, इफ(वय>=९५, ५०%, इफ(वय>=१००, १००%, ०)))))

वाचताना यात काहीच खटकत नाही. नियम ज्या क्रमाने छापलेला असतो त्याच क्रमाने तो लिहिला आहे. परंतु ‘इफ’ पहिली अट खरी ठरताच थांबतो. १०१ वर्षांच्या आजीबाईंचे वयही ८० पेक्षा जास्तच आहे, त्यामुळे त्यांनाही २० टक्केच लागतात आणि पुढच्या चार अटींपर्यंत संगणक कधीच पोहोचत नाही. त्यांचे मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये धरले, तर अतिरिक्त रक्कम ३०,००० ऐवजी ६,००० दिसेल. महिन्याला २४,००० रुपयांचा फरक, शिवाय त्यावरील महागाई सवलत निराळी. पडद्यावर कोठेही चूक दर्शविली जात नाही. साखळी मोठ्या वयापासून लहान वयाकडे लिहिली असती तर उत्तर अचूक आले असते, पण ते पाचही कंस उलगडून पाहिल्याशिवाय तपासणाऱ्याच्या लक्षात कसे यावे?

नियम कोष्टकात, शोध सूत्रात

यावरचा उपाय म्हणजे नियम सूत्राच्या पोटात न ठेवता वेगळ्या कोष्टकात मांडणे. एका स्तंभात खालची सीमा आणि शेजारी दर :

० — ०%
८० — २०%
८५ — ३०%
९० — ४०%
९५ — ५०%
१०० — १००%

मग सूत्र एवढेच उरते : =व्हीलुकअप(वय, कोष्टक, २, ट्रू). शेवटच्या ‘ट्रू’चा अर्थ असा की नेमके ८३ सापडले नाही तर त्याहून लहान अशी सर्वांत जवळची सीमा, म्हणजे ८०, घ्यावी. टप्पे सहा असोत वा साठ, सूत्र तेवढेच राहते आणि पातळ्यांची मर्यादा आड येत नाही. वाचणाऱ्याला नियम आदेशात छापल्यासारखा समोर दिसतो.

येथेही काही पथ्ये आहेत. सीमा चढत्या क्रमानेच असाव्यात. क्रम बिघडला तर चुकीचे उत्तर गुपचूप येते. शून्याची पहिली ओळ वगळू नये, अन्यथा ७९ वर्षांच्या व्यक्तीसमोर ‘एन/ए’ उमटते. सूत्र खालच्या ओळींत ओढताना कोष्टकाच्या पत्त्याला डॉलर-चिन्हे लावावीत किंवा कोष्टकाला नाव द्यावे. तसे न केल्यास कोष्टकाची चौकटही एकेक ओळ खाली सरकते व वरचे टप्पे नाहीसे होतात. ही अडचण मी सर्वांत अधिक वेळा पाहिली आहे.

वय काढण्याचाही एक बारकावा आहे. ही वाढ वाढदिवसापासून नव्हे, तर वाढदिवस ज्या महिन्यात येतो त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून देय होते. २५ नोव्हेंबर १९४० रोजी जन्मलेल्या व्यक्तीला ३० टक्के १ नोव्हेंबर २०२५ पासून मिळतात. म्हणून ‘डेटडिफ’ने वय काढताना जन्मतारखेच्या जागी जन्ममहिन्याची १ तारीख घ्यावी आणि ज्या महिन्याचा हिशेब करायचा त्याचीही १ तारीखच घ्यावी. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा प्रश्नही यात आपोआप सुटतो. जन्मवर्ष चारही अंकांत टंकावे. ‘२८’ एवढेच लिहिले तर संगणक ते १९२८ ऐवजी २०२८ समजू शकतो.

प्राप्तिकराचे टप्पे

निवृत्तिवेतनाचे टप्पे निदान स्थिर आहेत. प्राप्तिकराचे तसे नाही. आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये नवी करप्रणाली आली आणि २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ अशी सलग तीन वर्षे तिचे टप्पे बदलले. ज्यांनी सीमा व दर ‘इफ’च्या साखळीत कोंबले होते, त्यांना प्रत्येक वेळी प्रत्येक सूत्र उसवावे लागले. कोष्टक वापरणाऱ्यांनी काही आकडे बदलले, एवढेच.

२०२५-२६ च्या नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे ४, ८, १२, १६, २० व २४ लाख या प्रत्येक सीमेनंतर दर पाच टक्क्यांनी वाढत ३० टक्क्यांवर पोहोचतो. कोष्टकात दराऐवजी प्रत्येक सीमेवरील ‘दरवाढ’ लिहिली, तर एकही ‘इफ’ न वापरता कर निघतो :

=सम्प्रॉडक्ट((उत्पन्न>सीमा)*(उत्पन्न-सीमा)*दरवाढ)

करपात्र उत्पन्न १८ लाख असेल तर ते चार सीमा अनुक्रमे १४, १०, ६ व २ लाखांनी ओलांडते. बेरीज ३२ लाख, तिचे पाच टक्के १,६०,०००. टप्प्याटप्प्याने केलेला हिशेबही हेच सांगतो : २०,००० + ४०,००० + ६०,००० + ४०,०००. कलम ८७अ ची सूट, अधिभार आणि ४ टक्के उपकर यांसाठी मात्र स्वतंत्र सेल ठेवावेत. सगळेच एका सूत्रात बसवण्याचा मोह आवरावा. उपकर कोठे धरला आहे, हे ग्राहकाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

थकबाकीचा हिशेब करावा लागतो, म्हणून जुने कोष्टक पुसून नवे लिहू नये. प्रत्येक वर्षाचे कोष्टक वेगळ्या पानावर, वर्ष नमूद करून ठेवावे. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांपैकी पुढे येणाऱ्याला तेवढी खूण पुरते.

तक्ता तयार झाला की सीमेवरच्या संख्या घालून पाहाव्यात. मधल्या संख्या सहसा बरोबरच येतात. वय ७९ ला ०, ८० व ८४ ला २०, ८५ ला ३०, ९९ ला ५० आणि १०० ला १०० टक्के यावयास हवेत. कराच्या तक्त्यात २४,००,००० रुपयांवर ३,००,००० आणि २४,००,१०० रुपयांवर ३,००,०३० रुपये आले पाहिजेत.