गॅसचा मास फ्लो मीटर घेताय? आधी कोटेशन नीट वाचा

कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत गॅसचा प्रवाह वजनात मोजायचा, तर प्रकार मुख्यतः दोन: थर्मल आणि कोरिओलिस. गॅस ठरलेला, कोरडा, स्वच्छ असेल तर थर्मल पुरतो, स्वस्तही पडतो. मिश्रण सतत बदलत असेल तर कोरिओलिस पाहा. तो महाग असतो. तुमच्या दाबाला चालेल का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

चौकशीला जाताना हे हाताशी ठेवा: गॅसचे नाव, किमान-कमाल प्रवाह, दाब, तापमान, पाइपचा व्यास. हायड्रोजनसारखा ज्वालाग्राही गॅस असेल तर ‘पेसो’ची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) मान्यता आधी विचारा.

फसगत तीन ठिकाणी होते. पहिली, संदर्भ तापमान. ‘लिटर प्रति मिनिट’ 0 अंशाचे की 20 अंशांचे? तेवढ्यानेच आकडा सुमारे 7 टक्के बदलतो. दुसरी, अचूकता. 100 लिटरच्या मीटरवर ‘फुल स्केलच्या 1 टक्का’ म्हणजे 1 लिटरची चूक. प्रवाह 10 लिटरच असेल तर ती 10 टक्के झाली. ‘रीडिंगच्या टक्के’ किती, ते विचारा. तिसरी, गॅस. नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेल्या अनेक छोट्या थर्मल मीटरांत आर्गॉन सोडला, तर खरा प्रवाह दिसणाऱ्या आकड्याच्या सुमारे 1.4 पट असतो.

किंमत मीटरपुरती धरू नका. 18 टक्के जीएसटी धरला की 1 लाखाचे 1,18,000 होतात. फिल्टर, फिटिंग, पॉवर सप्लाय, डिस्प्ले, वाहतूक, बसवणी, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट: प्रत्येकाचा दर वेगळा मागा. फिल्टर वाचवू नका. कॉम्प्रेसरचे तेल आणि ओलावा सेन्सर बिघडवतात. मीटरच्या आधी-नंतर सरळ पाइप किती हवा, ते मॅन्युअलमध्ये पाहूनच जागा ठरवा.

कॅलिब्रेशन साधारण वर्षाला एकदा धरा. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा लोगो असणे पुरेसे नाही; मान्यतेच्या व्याप्तीत ‘गॅस फ्लो’ आणि तुमची रेंज आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर तपासा. केरळात पलक्कडला फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट ही प्रवाहमापनाचीच संस्था आहे. कॅलिब्रेशनला पाठवताना मीटरसोबत डिलिव्हरी चलन, जुने सर्टिफिकेट आणि मॅन्युअल पाठवा. राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. किती दिवस लागतील ते आधी लेखी घ्या, तोवर पर्यायी मीटरची सोय करा.

गॅस, संदर्भ तापमान आणि अचूकता पर्चेस ऑर्डरवर लिहिलेली नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.