खाली एनएफएस, वर ओव्हरले

डिस्क नसलेल्या यंत्रांची लॅब उभारायची तर सोपा मार्ग हा: मूळ फाइल सिस्टिम सर्व्हरवर एकच, एनएफएसवरून फक्त वाचायला, आणि प्रत्येक यंत्रात तिच्यावर ओव्हरलेएफएसचा थर. लिनक्स कर्नेलात हा थर 2014 पासून, म्हणजे 3.18 पासून आहे. यंत्र चालू होतं, फाइली उघडतात, सगळं ठीक वाटतं. मग एखादी जुनी फाइल बदलायला जावं तर उत्तर येतं, ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’. आपण तर रूट आहोत, जागाही आहे! अडलेलं असतं परवानग्यांच्या यादीपाशी, एसीएलपाशी.

आधी थर नीट मांडा. वरचा थर आणि त्याची रिकामी वर्क डिरेक्टरी एकाच स्थानिक फाइल सिस्टिमवर हवी. टीएमपीएफएस किंवा एक्स्ट4 घ्या. एनएफएस वर ठेवण्याच्या फंदात पडू नका, ते खालीच शोभतं.

मग ‘एनएफएसस्टॅट -एम’ चालवून आवृत्ती पाहा. 4 असेल तर प्रत्येक फाइलीसोबत ‘सिस्टम.एनएफएस4_एसीएल’ नावाचं अॅट्रिब्यूट येतं. खालच्या फाइलीत बदल करताना ओव्हरले ती अॅट्रिब्यूटांसकट वर उतरवून घेतो. वरच्या एक्स्ट4ला हे अॅट्रिब्यूट ठाऊकच नाही, आणि जुनं कर्नेल तेवढ्यावरून अख्खी नक्कल सोडून देतं.

एकाच यंत्रावर चाचणी घ्या. जुन्या फाइलीला ‘टच’ करा, आणि खालून आलेल्या फोल्डरात नवी फाइलही बनवा. ही दुसरी चाचणी बरेच जण विसरतात. नव्या फाइलीसाठी आधी फोल्डरच वर यावं लागतं.

अडलं तर कर्नेल नवं करा. ते अनोळखी अॅट्रिब्यूट सोडून पुढे जातं. पण चूक दिसेनाशी झाली म्हणजे परवानग्या जागेवर आल्या असं नाही. समजा, फाइल शिक्षकाची आहे, गटाला काहीच परवानगी नाही, फक्त एका सहायकाला एसीएलने वाचन-लेखन दिलंय. ‘एलएस’ तिथे 660 दाखवतं, कारण एसीएल असली की मधला 6 हा गटाचा नसून कमाल मर्यादेचा असतो. ओव्हरलेला आवृत्ती 4ची यादी वाचता येत नाही. तो 660 पाहून अख्ख्या गटाला आत सोडतो आणि सर्व्हरकडे फाइल मागतो माउंट करणाऱ्या रूटच्या नावाने. सर्व्हरवर ‘नो_रूट_स्क्वॅश’ असेल तर ती मिळतेही. ‘रूट_स्क्वॅश’ असेल तर उलटा घोळ: रूटचा नोबडी होतो आणि 600ची फाइल खुद्द मालकालाही उघडत नाही.

म्हणून माझी पसंती ‘व्हर्स=3’ देऊन माउंट करण्याला. त्यात यादी पॉझिक्स पद्धतीची येते, ती ओव्हरलेलाही कळते आणि एक्स्ट4लाही. फायरवॉलमध्ये मात्र 2049 बरोबर 111 आणि माउंटडीचं पोर्टही उघडावं लागेल.

आवृत्ती 4 सोडता येत नसेल, तर गुणपत्रकं आणि पगाराच्या फाइली ओव्हरलेखाली ठेवू नका. त्यांचा एक्सपोर्ट वेगळा काढा आणि ‘रूट_स्क्वॅश’ ठेवून थेट माउंट करा.