पगाराबाहेरच्या कमाईचा कर

मी वणीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि अधूनमधून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी जोडकमाई करणारे पुष्कळ आहेत. कुणी अमरावती विद्यापीठाचे पेपर तपासतात, कुणी यवतमाळ आकाशवाणीवर कार्यक्रम करतात, कुणी सुटीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढतात. रक्कम लहान असते आणि बऱ्याचदा कर कापूनच हाती येते, त्यामुळे तिचा विषय तिथेच संपला असे बहुतेकांना वाटते. तो तिथे संपत नाही, हे मला सांगायचे आहे.

२०२५-२६ मध्ये एका प्रकाशन संस्थेचे ६०,००० रुपयांचे काम केले. १० टक्के टीडीएस कापून ५४,००० खात्यात आले. दर तिमाहीनंतर आयकराच्या संकेतस्थळावर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचे विवरण, पाहण्याची माझी सवय आहे. तिथे ते ६,००० रुपये दिसेनात. चौकशी केली तेव्हा कळले की संस्थेने भरलेल्या विवरणपत्रात माझ्या पॅनचे एक अक्षर चुकले होते. फोनवर ‘होऊन जाईल, सर’ एवढेच उत्तर मिळे. शेवटी बिल, पॅनची प्रत आणि बँकेचा उतारा जोडून ईमेल केला, पाठपुरावा केला, तेव्हा दुरुस्ती विवरणपत्र भरले गेले आणि रक्कम माझ्या नावावर आली. म्हणून सांगतो, पैसे मिळाले की टीडीएसचे प्रमाणपत्र मागा आणि ते आयकराच्या संकेतस्थळावरच्या नोंदींशी जुळवून पाहा.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही मर्यादा एकूण उत्पन्नाची आहे, नुसत्या पगाराची नाही. समजा, ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन पगाराचे उत्पन्न ११,८०,००० राहते आणि त्यात जोडकामाचे ६०,००० येतात. एकूण १२,४०,००० झाले. सीमान्त सवलत धरूनही कर ४०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ४१,६०० रुपये. टीडीएस कापला गेला फक्त ६,०००. उरलेले ३५,६०० स्वतः भरायचे. काम स्वीकारण्याआधी हे गणित मांडायलाच हवे.

टीडीएस वजा जाता देय कर १०,००० किंवा अधिक होत असेल, तर आगाऊ कर लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकल्यास दरमहा १ टक्का व्याज. सोपा मार्ग म्हणजे पगार काढणाऱ्या कार्यालयाला ही कमाई लेखी कळवायची, म्हणजे तो कर पगारातूनच कापला जातो.

क्वचित मिळालेले मानधन सहसा ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून दाखवतात आणि त्या कामासाठीच झालेला खर्च वजा करता येतो. पावत्या जपा. काम नियमित होऊ लागले की ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते. मग आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ किंवा ४ भरावा लागतो. शिवाय जुनी की नवी करप्रणाली, हे दरवर्षी बदलण्याची नोकरदाराची मुभाही राहत नाही. इथे सनदी लेखापालाला विचारूनच पाऊल टाका.

आपल्याकडे अनेक नोकरदारांच्या घरी शेती आहे. मानधनाची रक्कम कापसाच्या पट्टीत मिसळून करमुक्त दाखवा, असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. टीडीएस कापणाऱ्याने तुमच्या पॅनवर त्या रकमेची नोंद आधीच केलेली असते.

नोकरीचे नियमही पाहा. शासकीय कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. अशा जोडकामासाठी परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्या.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुने क्रमांक पाठ करत बसू नका. एक वही करा. काम, तारीख, रक्कम, कापलेला कर आणि खर्च, एवढ्या पाच नोंदी प्रत्येक मानधनासोबत त्याच दिवशी लिहा. कष्टाने मिळवलेल्या पैशाला एवढी काळजी द्यायलाच हवी.