दिघीच्या पडवीतलं साथींचं गणित

साथीचे रोग कसे पसरतात याचं गणित मांडणारे आम्ही काही जण दिघीजवळ एक छोटी परिषद भरवतो. पहिल्यापासून तिथे एक मुभा ठेवली आहे: घरच्यांना सोबत आणा. तान्हं मूल, म्हातारी सासू, शाळेला सुट्टी लागलेला मुलगा, सगळ्यांची सोय होईल. त्यातून जे शिकायला मिळालं ते लिहून ठेवते आहे. इतर विषयांतल्या लोकांनीही अशा परिषदा भरवाव्यात असं मला फार वाटतं.

१. सभागृह सगळ्यात शेवटी बघा.

आधी सावली बघा, जिने किती आहेत ते बघा, जवळ डॉक्टर आहे का ते विचारा. दिघीला पुण्याची मंडळी ताम्हिणी, माणगाव, म्हसळा अशी येतात. मुंबईकर अलिबाग-मुरूड करत आगरदांड्याला पोचतात आणि गाडीसकट फेरीबोटीत चढून राजपुरीची खाडी ओलांडतात. त्या बोटीवरच मुलांची एकमेकांशी ओळख होते, आणि ती झाली की आईबापांचं निम्मं काम हलकं होतं. राहायला दिवेआगरच्या बाजूला घरगुती सोय मिळते. आमची सत्रं पडवीत होतात. दिवाळीनंतरचेच दिवस धरा. पावसाळ्यात जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि दिघीपर्यंत येऊन जंजिरा न बघता परत फिरणं कुठल्याच मुलाला पटत नाही.

२. मुलं सांभाळण्याची सोय हा कार्यक्रमाचाच भाग धरा.

आमच्या क्षेत्रात पीएचडीपर्यंत मुली भरपूर दिसतात. पुढे परिषदांच्या यादीतून त्यांची नावं गळत जातात. विचारलं की कारण साधं असतं: बाळाला कुणाकडे ठेवू? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. परिषदेचं काय, हे मात्र आयोजकांच्या मर्जीवर राहिलं. दिघीला एक मैत्रीण बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आपलं काम मांडत होती. बाळ आतल्या खोलीत तिच्या सासूबाईंच्या मांडीवर झोपलं होतं. मध्येच ते उठलं, तिनं त्याला कडेवर घेतलं आणि पुढचं समीकरण तसंच फळ्यावर लिहिलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

यासाठी काही गोष्टी ठरवून कराव्या लागतात. सत्रं सकाळी, मग दुपारची मोठी सुट्टी, मग चहानंतर थोडा वेळ. रात्री काहीही नाही. मुलं सांभाळायला गावातल्या दोघीतिघींना योग्य मोबदला देऊन बोलवायचं आणि तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीत धरायचा, ज्यांना मुलं नाहीत त्यांच्याही. पाळीचा तक्ता भिंतीवर लावायचा आणि त्यावर बाबांची नावं आधी लिहायची. तक्ता नसला की पाळी आपोआप आयांकडेच जाते.

३. ताप आलेल्या मुलाच्या घरच्यांना पूर्ण पैसे परत करा.

त्यात कसूर नको. पैसे बुडणार म्हणून लोक खोकत येतात, हे आमच्याच अभ्यासातलं वागणं आहे. पडवी उघडी असते याचाही फायदा होतो.

४. चुकलेला आलेख दाखवायला वेळ राखून ठेवा.

मोठ्या परिषदेत प्रत्येक जण जुळलेली वक्ररेषा दाखवतो. मोजक्या माणसांत, घरच्यांसमोर, सूर वेगळा लागतो. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीच्या गणिती प्रतिरूपानं (मॉडेलनं) कोविडचा भर ओसरला असून फेब्रुवारी २०२१पर्यंत साथ आटोक्यात येईल असा अंदाज दिला होता. त्यानंतर डेल्टाची लाट आली. त्या अंदाजावर टीका पुष्कळ झाली. पण प्रतिरूपात विषाणूचा नवा प्रकार शिरायला जागाच नसेल तर काय होतं, हे शांतपणे उलगडून बघायला दोनशे माणसांचं सभागृह उपयोगाचं नसतं. तिथे सगळे स्वतःचा बचाव करत असतात.

५. मुंबईची वक्ररेषा दर वेळी फळ्यावर काढा.

हा माझा आग्रह आहे आणि मी तो सोडणार नाही. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे. माणसांचे तीन गट करायचे: लागण होऊ शकते असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आपलं सूत्र पडताळायला या दोघांनी आकडे घेतले ते मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू. घंटेसारखी सुबक रेषा आली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

मुंबईत प्लेग १८९६ साली मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला. पुढे तो वर्षानुवर्षं ठरावीक ऋतूत येत आणि उन्हाळा चढला की ओसरत राहिला. लागण होण्याजोगी माणसं संपली म्हणून साथ उतरली असती, तर पुढच्या वर्षी तितक्याच जोरात ती कशी आली असती? उंदीर, पिसवा आणि हवामान यांचा हिशेब त्या साध्या सूत्रात नव्हता. मूळ लेखकांनीही ही मर्यादा नोंदवली होती. फ्रान्सच्या निकोला बाकाएर यांनी २०१२ साली हे आकडे पुन्हा तपासून ऋतूचा भाग ठळकपणे पुढे आणला. रेषा जुळली म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे विद्यार्थ्यांना आपल्याच शहराच्या आकड्यांवरून शिकवता येतं. त्या प्रत्येक बिंदूखाली माणसं आहेत. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला सावित्रीबाई गेल्या, हेही मी त्याच फळ्यापाशी सांगते.

६. मुलांना खरा प्रयोग करायला द्या.

वाळूत साखळीचा खेळ लावायचा. एकावर राज्य, तो ज्याला पकडेल त्यानं हात धरायचा, चार जण झाले की साखळी दोनात तोडायची. एका मुलीच्या हाती घड्याळ द्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला किती जण पकडले गेले ते काठीनं वाळूत मांडायला सांगायचं. सुरुवातीला संथ, मग भराभर, शेवटी पुन्हा संथ. शेवटचा मुलगा सापडायला इतका वेळ का लागला, असं विचारलं तेव्हा एका चिमुरड्यानं सांगितलं, “कारण पकडायला कोणी उरलंच नव्हतं ना, काकू!” साथीचा उतार यापेक्षा नेमका मला सांगता आलेला नाही.

७. गावाला श्रोता करू नका, गावाचं ऐका.

एक सत्र आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य स्वयंसेविकांचं असतं, आणि त्यात आम्ही फक्त प्रश्न विचारतो. भातलावणीच्या दिवसांत ताप आला तर माणूस किती दिवस अंगावर काढतो, मग कुठल्या डॉक्टरकडे जातो, मुंबईला मुलाकडे गेला तर त्याची नोंद कुठे होते. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) आकडे घेऊन बसणाऱ्यानं हे आधी ऐकायला हवं. भेटीगाठींच्या आकड्यांचंही तसंच. युरोपातल्या आठ देशांत ७,२९० लोकांना आपापल्या भेटीगाठींची नोंद ठेवायला सांगून एक मोठं सर्वेक्षण झालं. ते २००८ साली प्रसिद्ध झालं आणि कितीतरी प्रतिरूपांत त्याचेच आकडे वापरले गेले. कोकणातल्या घराला ते लावताना विचार करावा लागतो. इथे आजी नातवंडांना घेऊन झोपते, आणि गणपतीला, शिमग्याला चाकरमानी आला की दोन माणसांच्या घरात बारा होतात. २२ ऑगस्ट २०२०च्या गणेश चतुर्थीआधी गावी येणाऱ्यांचं विलगीकरण चौदा दिवसांवरून दहावर आणावं लागलं, ते याच ओढीपायी. त्याआधी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. छपरं उडाली तेव्हा लोक जिथे पक्की भिंत होती तिथे दाटीनं बसले. अंतर राखा असं त्यांना कोण सांगणार होतं? हे दिवस कुठल्या समीकरणात बसवायचे, यावर आमची चर्चा अजून चालू आहे, आणि ती पडवीतच सुरू झाली.

८. संख्या वाढवू नका.

तीसेक अभ्यासक आणि त्यांची घरं, एवढं पुरे. मागणी वाढली तर दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या गावात भरवावी, आम्ही तक्ते, हिशेब, स्वयंपाकाच्या याद्या सगळं देऊ.

संस्थाचालकांना आणि अनुदान देणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: परिषदेच्या अंदाजपत्रकात प्रवास, निवास, भोजन यांच्या खाली ‘मुलं आणि ज्येष्ठांची देखभाल’ अशी एक ओळ छापून ठेवा. ती ओळ छापलेली असली की तरुण मुलींना ती मागावी लागत नाही.